पाण्याच्या जारचं लग्न

ये, इकडे जवळ सरकून बस. दारात उभं राहून ऐकायची गोष्ट नाही ही. आणि आधी थोडं बोलून घेते, राग मानू नकोस. परवा तुझ्या घरी आले तेव्हा तुझा लेक सोफ्यावर उताणा, पाय भिंतीला, फोन तोंडावर. तू मला म्हणालीस, "टीचर, ह्याला जरा व्यायामाचं सांगा ना." अगं, सांगून कोण व्यायाम करतं? तुलाही किती वर्षं सांगतेय, तू अजून पहिल्या मजल्याला लिफ्टने जातेस. तेव्हा ते सांगणं राहू दे. काय झालं ते ऐक.

मी बोळिंजच्या एका मोठ्या सोसायटीच्या मैदानात उभी आहे. गळ्यात शिट्टी, पायात पांढरे कॅनव्हास. समोर पोरांची ओळ. ओळ आपली म्हणायची. एक जण बुटाची लेस सोडतोय, बांधतोय, पुन्हा सोडतोय. दोघी एका फोनमध्ये डोकं घालून. आणि सगळ्यांच्या पुढे सहावीतली तन्वी, हाताची घडी घालून. ही त्यांची पुढारी. ती हसली की सगळी हसतात, ती बसली की सगळी बसतात.

"चला, हात वर," मी म्हटलं. "एक, दोन."

"टीचर, किती वेळ?"

"अगं, सुरू तरी कर."

"नाही म्हणजे, आधीच्या सरांचं पण असंच होतं. एक-दोन-तीन-चार. बोर होतं यार."

आणि ती बसली. झालं. सगळी बसली.

आता मी तिथे कशी, ते सांगते. वसईच्या एका शाळेत माझी सगळी नोकरी गेली. लागले होते घंटा वाजवायला आणि पोरांना रांगेत उभं करायला. मग पी.टी.चे सर सोडून गेले. हेडमिस्ट्रेस म्हणाल्या, "फिलू, नवे सर येईपर्यंत तू बघ." नवे सर काही आले नाहीत, आणि मी रिटायर होईपर्यंत बघत राहिले. डिग्री वगैरे नाही माझ्याकडे. मैदानावर पोरं कशाला धावतात आणि कशाला बसतात, एवढंच बघत आले. रिटायर झाल्यावर ह्या सोसायटीचे चेअरमन सावंत मला येऊन भेटले. मूळचे कोकणातले, बोलायला गोड, पोट पुढे. म्हणाले, "टीचर, संध्याकाळचा तासभर आमच्या मुलांना द्या." मी दिला. घरी बसून मी तरी काय करणार होते, टीव्हीला शिट्टी मारणार?

त्या दिवशी पोरं बसली तेव्हा सावंत लांबून बघत होते. जवळ आले आणि हळूच म्हणाले, "टीचर, ही पोरं उठली नाहीत तर मैदान गेलं समजा."

"गेलं म्हणजे? कुठे जातंय?"

"पार्किंगमध्ये."

मग त्यांनी सगळं सांगितलं. सोसायटीत एक पाटकर म्हणून आहेत. बँकेतून रिटायर. वाईट माणूस नाही हं, त्यांचंही दुखणं खरं आहे. त्यांची गाडी बाहेर रस्त्यावर उभी असते आणि येणारी-जाणारी रिक्षा तिला घासून जाते. त्यांचं म्हणणं, मैदान कोणी वापरत नाही, मग तिथे पट्टे मारा आणि गाड्या लावा. एजीएमला, म्हणजे सोसायटीच्या वर्षातल्या मोठ्या सभेला, ते हा ठराव आणणार होते.

"मग विरोध करा की," मी म्हटलं.

"विरोधाला माणसं कुठून आणू? एजीएमला कोण येतंय? कोरमच भरत नाही."

कोरम म्हणजे सभा सुरू करायला लागणारी कमीत कमी डोकी. ती भरली नाहीत तर सभा अर्धा तास पुढे ढकलतात. आणि त्यानंतर, हे मला नवीनच कळलं, कोरम लागतच नाही. जेवढी डोकी हजर तेवढी ठरवतील ते खरं. पाटकरांकडे गाडीवाली मंडळी पक्की होती. बाकीचे सगळे रविवारी संध्याकाळी टीव्हीसमोर.

"सभेपर्यंत मैदान भरलेलं दिसायला हवं," सावंत म्हणाले. "खिडकीतून बघितलं तरी लोकांना वाटलं पाहिजे, इथे आपली पोरं आहेत."

मी कामाला लागले. लंगडी घेतली, विषामृत घेतलं, डोंगर का पाणी घेतलं. दोन दिवस चालायचं, तिसऱ्या दिवशी तन्वीला कंटाळा. चेंडूला तर बंदीच होती, पहिल्या मजल्याच्या काचा फुटतात म्हणून. मला रात्री झोपेतसुद्धा ते घडी घातलेले हात दिसायला लागले.

अशात एका शुक्रवारी मी पोरांना म्हटलं, "उद्या मी नाही. माझ्या भाचीचं लग्न आहे. उद्या पाणी आणायला जायचंय."

"पाणी? टँकर मागवायचाय?" लेसवाला.

"टँकर कशाला? विहिरीचं पाणी. आमच्याकडे लग्नाच्या आदल्या दिवशी सगळं गाव वाजतगाजत विहिरीवर जातं. पुढे बँड, मागे डोक्यावर कळशी घेतलेल्या बायका, हातात उंबराची फांदी. नाचत जायचं, नाचत यायचं. त्या पाण्याने नवरा-नवरीला आंघोळ घालायची."

"आणि कळशी पडली तर?"

"पडत नाही. मान ताठ, कंबर मोकळी. नाचताना पण थेंब सांडत नाही."

"खोटं," तन्वी म्हणाली.

मी पाण्याची बाटली अर्धी भरली, डोक्यावर आडवी ठेवली आणि त्या मैदानात एक गोल चक्कर नाचून दाखवलं. ह्या वयात. वॉचमन खुर्चीवरून उठून उभा राहिला. बाटली काही पडली नाही.

तन्वीने हाताची घडी सोडली. "आम्ही पण लग्न करायचं," ती म्हणाली.

बस. सोमवारपासून आमच्या मैदानात लग्नाची तयारी सुरू.

आता बघ हं, ह्यात व्यायाम कुठे दडलाय ते तुला सांगते, पोरांना कधी सांगितला नाही. बँडवाल्यांनी गुडघे छातीपर्यंत उचलून चालायचं, हातात स्टीलचे डबे आणि चमचे. तो वॉर्म-अप, म्हणजे अंग गरम करणं. थंड अंगाने पळालं की स्नायू ओढला जातो. मग तांदूळ कांडायचे. खोटं मुसळ दोन्ही हातांनी वर न्यायचं आणि गुडघ्यात वाकून खाली आणायचं. जिममध्ये ह्यालाच स्क्वॉट म्हणतात आणि आरशासमोर तोंड वाकडं करून काढतात. इथे कांडताना गाणी म्हणत होती पोरं. मांडवाचे बांबू ओढायचे, म्हणजे रस्सीखेच. आणि डोक्यावर बाटली घेऊन चालायचं, त्याने पोट-कंबर घट्ट होते आणि तोल येतो.

एकच अडचण आली. नवरा-नवरी व्हायला कोणी तयार नाही. नवरा-नवरीला नुसतं बसायचं असतं ना. सगळ्यांना बँडमध्ये जायचं, नाहीतर पाण्याला.

"मी नाही बसणार," लेसवाला म्हणाला. "मी ड्रम आहे."

मग तन्वीनेच तोडगा काढला. आधीच्या सरांनी सगळ्यांना योगा मॅट घ्यायला लावल्या होत्या, त्या कपाटांवर पडून होत्या. तिने एक गुलाबी मॅट गुंडाळून उभी केली आणि तिला ओढणी नेसवली. ही नवरी. आणि नवरा म्हणून वॉचमनच्या केबिनमधला पाण्याचा मोठा रिकामा जार. त्याला मार्करने मिशी काढली, कोणाच्या तरी बाबांचा टाय बांधला. दिसायला राजबिंडा.

नियम पोरांनीच बनवला. नवरा जमिनीला टेकवायचा नाही, कोणीतरी धरलाच पाहिजे. विहिरीवरून आणलेलं पाणी त्याच्या तोंडात ओतायचं, तीच आंघोळ. म्हणजे जसंजसं लग्न लागतं तसतसा नवरा जड होत जातो. मी इतकी वर्षं पी.टी. शिकवली, पण वजन हळूहळू वाढवायची इतकी सोपी रीत मला सुचली नव्हती.

मैदानाच्या कोपऱ्यात जुन्या वाडीची विहीर आहे, वर लोखंडी जाळी बसवलेली. मोटर लावून ते पाणी नळाने बागेला देतात. त्याच नळावर आमची पाणी भरायची जागा. पार्किंग झालं असतं तर तीही गेली असती.

मग तन्वी म्हणाली, "टीचर, मोठं लग्न रविवारी करू. त्या दिवशी मैदानात खुर्च्या लावणार आहेत."

"अगं, त्या सभेच्या खुर्च्या."

"मग काय झालं? लग्नाला पण लागतातच ना खुर्च्या. सभा संपली की करू."

मी म्हटलं, बरं. आता राहिलं बोलावणं. आमच्या गावात लग्नाचं बोलावणं घरोघर पायी जाऊन करतात. मला काय, जिने चढायला निमित्तच हवं होतं. जिन्यासारखा स्टॅमिना कशाने येत नाही, म्हणजे दम न लागता काम करायची ताकद. मी म्हटलं, "लिफ्ट नाही वापरायची. वरच्या मजल्यापर्यंत जायचं आणि प्रत्येक दाराला हात लावून यायचं."

"नुसता हात? बोलावणं म्हणजे काय बोलायचं असतं?" तन्वीने विचारलं.

आणि मी आपलं तिला सांगितलं. "म्हणायचं, लग्नाला यायचं, चुलीला आवतण आहे. म्हणजे घरातलं एकूण एक माणूस जेवायला. त्या दिवशी घरी चूल पेटवायची नाही."

पोरं धावत गेली. लालेलाल होऊन खाली आली. मी खूश. मला वाटलं, दारांना हात लावून आली.

रविवार उजाडला. पाच वाजता एजीएम. मैदानात खुर्च्यांच्या रांगा, पुढे टेबल, टेबलावर माइक. खुर्च्यांवर पाटकरांची मंडळी, कमिटीतले चार-दोन जण, बाकी सगळ्या रिकाम्या. मी कोपऱ्यात माझी वरात सांभाळत होते, आवाज करायचा नाही म्हणून चमचे काढून घेतले होते.

सावंतांनी घड्याळ बघितलं. माझ्याकडे बघितलं. मग माइकवर म्हणाले, "कोरम नसल्यामुळे सभा अर्ध्या तासासाठी तहकूब करण्यात येत आहे."

पाटकरांनी मांडीवरची फाइल थोपटली. घाई नव्हती त्यांना.  तन्वीने विचारलं, "टीचर, तहकूब म्हणजे संपली?" आणि मी उत्तर देईपर्यंत तिने चमचे वाटूनसुद्धा टाकले.

तेवढ्यात ए विंगच्या लिफ्टचं दार उघडलं आणि आतून एक पैठणी बाहेर आली.

पैठणीच्या मागे कुर्ता-पायजम्यातला नवरा, त्याच्या मागे सासूबाई, डोक्यात गजरा. मग बी विंगमधून एक कुटुंब. मग सी विंग. जिन्यातून, लिफ्टमधून, माणसं येतच राहिली. अत्तराचा वास सुटला. एकाच्या हातात गुच्छ, एकाच्या हातात रंगीत कागदातला खोका, आकारावरून मिक्सर असावा. एकमेकांकडे बघून हसत होती, ओळख नसताना हसतात तशी. पाटकर उभे राहिले. सावंत आधीच उभे होते.

पैठणीवाल्या बाई सरळ माझ्यासमोर आल्या. मला वरपासून खाली बघितलं. मी ट्रॅकपँटमध्ये, गळ्यात शिट्टी.

"अहो टीचर, तुम्ही अजून तयार नाही?"

"कशाला?"

"कशाला काय? तुमचं लग्न ना?"

मी तन्वीकडे बघितलं. तन्वी म्हणाली, "आम्ही सगळ्यांना बोलावलं. फिलू टीचरनी बोलावलंय, लग्न आहे, सव्वापाचला मैदानात. तुम्हीच सांगितलं ना असं बोलायचं."

आता फ्लॅटमधली रीत तुला ठाऊक आहे. जाळीच्या दारामागून ऐकायचं, "हो हो" म्हणायचं आणि दार लावायचं. कोणाचं लग्न, कोणाशी, एकानेही विचारलं नव्हतं. आपापल्या घरात बसून सगळ्यांनी जुळवलं होतं. फिलू टीचर एकट्या असतात, शेवटी कोणीतरी भेटलं असेल बिचारीला. आमचे हे जाऊन इतकी वर्षं झाली, वर बसून पोट धरून हसले असतील.

सावंत जवळ आले. आवाज खाली घेऊन म्हणाले, "टीचर, मला तरी सांगायचं होतं. कोण आहेत ते?"

"ते बघा," मी बोट केलं. "मिशीवाले."

लेसवाल्याने जार उंच धरला.

आधी सगळ्यांनी मिशीकडे बघितलं. मग सासूबाई हसायला लागल्या, गजरा हलेपर्यंत. मग पैठणी. मग सगळं मैदानच. एक गृहस्थ मात्र रुसलेले. "आमच्याकडे स्वयंपाक केला नाही. पोरगी म्हणाली, चूल पेटवायची नाही."

"पेटवू नकाच," मी म्हटलं. "पण आलात तसे पाण्याला चला. पाणी आणल्याशिवाय आमच्याकडे कोणाला जेवायला वाढत नाहीत."

बँड सुरू झाला. तन्वी पुढे, उंबर मिळाला नव्हता म्हणून हातात बदामाची फांदी. मागे पोरं, आणि पोरांच्या मागे, तू मानणार नाहीस, सगळी सोसायटी. कुर्तेवाले गुडघे उचलून चालायला लागले. गुच्छवाल्याने गुच्छच डोक्यावर ठेवला. पैठणीवाल्या बाईंनी पदर खोचला आणि बाटली डोक्यावर घेऊन अशा काही गेल्या की मी बघत राहिले. मागून कळलं, त्या जवळच्याच जूचंद्र गावच्या. लहानपणी पाणी भरलेलं. "पानी भरायची सवय हाय मला, टीचर," जाता जाता म्हणाल्या.

नवऱ्याला धरायला कोणी उरलं नाही. लेसवाल्याला ड्रमला जायचं होतं. त्याने इकडेतिकडे बघितलं. खुर्च्यांजवळ एकच मोठं माणूस रिकाम्या हाताने उभं होतं.

"काका, नवऱ्याला धरा. खाली टेकवायचा नाही, नाहीतर लग्न मोडतं."

आणि त्याने जार पाटकरांच्या कवेत दिला आणि पळाला.

पाटकरांनी टेबलाकडे बघितलं, जमिनीकडे बघितलं. पण माणूस नियमाचा. धरून राहिले. पहिली वरात आली, बाटल्या ओतल्या. दुसरी आली. हळूहळू पाणी नवऱ्याच्या टायपर्यंत चढलं. पाटकरांची मान लाल झाली.

"सावंत, वेळ झाली," ते म्हणाले. "सभा सुरू करा."

"करतो की." सावंतही दोन फेऱ्या नाचून धापा टाकत होते. "बसा सगळे. सभा आहे."

लोक बसले. घामेजलेले, हसणारे, कोणाचा श्वास कोणाला पुरत नव्हता. एकही खुर्ची रिकामी नाही, पोरं आयांच्या मांडीवर. सावंतांनी ठराव वाचला. मैदानाच्या जागी पार्किंग. एका बाजूने कोणीतरी म्हणालं, "म्हणजे ही जागा जाणार?" आणि मैदानात पहिल्यांदा हसणं थांबलं. तन्वी आईच्या मांडीवरून उतरून उभी राहिली.  नुसती त्या विहिरीकडे बघत राहिली.

"ठरावाच्या बाजूने असतील त्यांनी हात वर करा," सावंत म्हणाले.

गाडीवाल्या मंडळींनी एकमेकांकडे बघितलं. तिघा-चौघांनी हात वर केले. बाकीचे पाणी आणताना ओले झाले होते, पोरांशेजारी बसलेले. त्यांनी हात मांडीवरच ठेवले. सगळ्यांच्या माना पाटकरांकडे वळल्या, ठराव त्यांचाच.

पाटकर तसेच उभे. दोन्ही हात नवऱ्याला मिठी मारून.

"पाटकर, तुमचा हात?" सावंतांनी विचारलं.

"कसा करू? मोडेल ना लग्न."

मला वाटतं, इतकं हसणं त्या सोसायटीने कधी ऐकलं नसेल. सावंत माइक सोडून धावले आणि दुसऱ्या बाजूने जार धरला. दोघे समोरासमोर, मध्ये मिशीवाला नवरा. विरोधाचे हात मोजायची गरज पडली नाही, एवढे होते.

सभेचे समोसे सगळ्यांना अर्धे-अर्धे आले. मग कोणी वर जाऊन बटाट्याची भाजी टाकली, कोणी कोपऱ्यावरच्या बेकरीतून पाव आणले. एका बाईंनी डाळ आणली ती चक्क कुकरसकट. चुलीला आवतण दिलं होतं, पण शेवटी चुली सगळ्यांच्याच पेटल्या. मिक्सर मी परत करायला गेले, तर आणणारे गृहस्थ म्हणाले, "राहू द्या टीचर, पुढच्या लग्नाला होईल."

मैदान आहे अजून. पाटकरांच्या गाडीला सावंतांनी वॉचमनच्या केबिनमागे जागा करून दिली, रिक्षापासून लांब. आणि पाटकर दर रविवारी पोरांच्या लग्नाला येतात. नवरा तेच धरतात. पहिल्यांदा टायपर्यंत पाणी चढलं की सोडायचे, आता मिशीपर्यंत भरला तरी धरून उभे असतात. मी त्यांना कधी म्हटलं नाही की काका, हा व्यायाम आहे. म्हटलं तर उद्यापासून येणार नाहीत.

तेवढंच तुला सांगायचं होतं. तुझ्या लेकाला काही सांगू नकोस. त्याच्या हातात काहीतरी दे, आणि ते खाली टेकवायचं नाही म्हण.

आणि घरी ये गं लवकर, त्याला घेऊन. रविवारी दुपारी ये, म्हणजे संध्याकाळी बोळिंजला बरोबरच जाऊ. नवरीची जागा रिकामी झालीय, मॅट फाटली. तुला नुसतं बसायला आवडतं ना, तुला बसवते.